वेगवान मोटारीचा ड्राइव्ह शाफ्ट: बदलावा केव्हा आणि कोणता

पुण्याच्या पश्चिमेला चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट आणि पौड ही गावे घेत, मुळशी धरणाच्या जलाशयाच्या कडेने ताम्हिणी घाटात शिरणारा आणि पुढे कोकणात माणगावकडे उतरणारा रस्ता वेगवान मोटारी बाळगणाऱ्यांच्या विशेष आवडीचा आहे. अशा मोटारींपैकी काहींच्या इंजिनाची शक्ती मालकांनी मुद्दाम वाढवून घेतलेली असते, आणि शक्ती वाढली की ती चाकांपर्यंत नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा प्रश्न पाठोपाठ येतो: मूळ शाफ्ट हा वाढीव भार सोसेल, की बाजारात स्वतंत्रपणे मिळणारा अधिक मजबूत शाफ्ट बसवावा लागेल? या प्रश्नाच्या मुळाशी एक कोडे आहे. असा शाफ्ट तुटतो तेव्हा तो द्रुतगती मार्गावर ताशी १०० किमी वेगाने जाताना सहसा तुटत नाही. तो तुटतो पावसाळ्यात चिखलाच्या एखाद्या चढावर गाडी जागेवरून हलवताना, जेव्हा वेग माणसाच्या चालीएवढाही नसतो. कमी वेगात शाफ्टवर जास्त ताण का येतो, हे नीट समजल्याखेरीज नवा शाफ्ट निवडणे म्हणजे केवळ जाहिरातीवर विसंबणे होय.

एक नाव, दोन निराळे भाग

ज्या मोटारीत इंजिन पुढे असते आणि मागची चाके गाडी ढकलतात, तिच्यात गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दंतचक्रांच्या पेटीपर्यंत, गाडीच्या पोटाखालून एक लांब पोकळ नळी गेलेली असते. तिला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. चाकण येथे जुळणी होणारी मर्सिडीज-बेंझची सी-क्लास ही मोटार या जातीची आहे. ज्या मोटारीत पुढचीच चाके गाडी ओढतात, तिच्यात ही लांब नळी नसते; तेथे गिअरबॉक्समधून निघालेले दोन आखूड शाफ्ट थेट डाव्या व उजव्या चाकाला जोडलेले असतात, आणि गॅरेजमध्ये त्यांनाच बहुधा ॲक्सल म्हटले जाते. पुणे जिल्ह्यात तयार झालेल्या ज्या दोन छोट्या मोटारींना हौशी चालकांमध्ये मोठे नाव मिळाले, त्या चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आणि रांजणगावची अबार्थ पुंटो, या दोन्ही पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या आहेत. त्यामुळे मुळशीच्या रस्त्यावर ‘शाफ्ट बदलायचा’ असे कोणी म्हणते तेव्हा तो बहुतेक वेळा चाकाकडचा आखूड शाफ्ट असतो, आणि परदेशी मासिकांत लांब प्रोपेलर शाफ्टविषयी दिलेला सल्ला त्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

पीळ वाढतो तो गिअरबॉक्समध्ये

शाफ्टला अश्वशक्ती तोडत नाही, पीळ तोडतो. वस्तूला अक्षाभोवती फिरवू पाहणाऱ्या बळाच्या परिणामाला टॉर्क किंवा पीळ म्हणतात आणि तो न्यूटन-मीटर या एककात मोजतात. हा पीळ आणि फिरण्याची गती यांच्या गुणाकारातून शक्ती मिळते. गिअरबॉक्सचे काम या दोहोंची अदलाबदल करणे हे आहे: गती कमी केली की पीळ त्याच प्रमाणात वाढतो. २०१३ साली बाजारात आलेल्या पोलो जीटी टीएसआयच्या इंजिनाचा कमाल पीळ १७५ न्यूटन-मीटर होता. छोट्या मोटारींत पहिला गिअर आणि शेवटची दंतचक्रजोडी मिळून हा पीळ साधारण १५ पट वाढवतात, असे धरले तर चाकांकडच्या दोन शाफ्टवर मिळून २,६०० न्यूटन-मीटरहून अधिक पीळ येऊ शकतो. सर्वांत वरच्या गिअरमध्ये हीच वाढ अडीच-तीन पटींवर येते आणि पीळ ५०० न्यूटन-मीटरच्या आसपास उतरतो. महामार्गावर भरधाव धावणारी गाडी आपल्या शाफ्टला जेमतेम राबवत असते, आणि चढावर पहिल्या गिअरमध्ये सुटणारी गाडी त्याला पाचपट पिळत असते, ते या कारणामुळे.

टायरची पकड ही पहिली मर्यादा

मात्र इंजिन जेवढा पीळ देऊ शकते तेवढा सगळा शाफ्टमधून जातोच असे नाही, कारण शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला असलेले टायर जेवढा विरोध करेल तेवढाच पीळ शाफ्टमध्ये साठतो. पुढच्या दोन चाकांवर मिळून ६५० किलो भार आहे, चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे आणि कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.९ आहे, असे धरून हिशेब केला, तर दोन्ही चाके मिळून सुमारे १,७०० न्यूटन-मीटरपर्यंतच पीळ जमिनीत उतरवू शकतात. त्यापलीकडे ती जागच्या जागी घसरू लागतात. ओल्या रस्त्यावर गुणांक ०.५ वर आला की ही मर्यादा ९५० च्या आसपास येते. पहिल्या गिअरमध्ये मूळ इंजिनच या मर्यादेच्या पुढे गेलेले असते, हे लक्षात घेतले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते: केवळ संगणकीय नियंत्रण बदलून इंजिनाचा पीळ वाढवल्याने पहिल्या गिअरमधील शाफ्टवरचा स्थिर ताण फारसा वाढत नाही. तो वाढतो अधिक चिकट रबराचे, अधिक रुंद टायर बसवल्यावर. शाफ्ट बदलण्याचा विचार प्रत्यक्षात टायरपासून सुरू व्हायला हवा, पण तो क्वचितच तेथून सुरू होतो.

मग चिखलात शाफ्ट तुटतो कसा? तेथे तर पकड सर्वांत कमी असते. याचे उत्तर स्थिर ताणात नाही, ते धक्क्यात आहे. चिखलात चाक वेगाने घसरत असते, इंजिन मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्या घेत असते, आणि तेवढ्यात चाकाखाली डांबराची कोरडी कड किंवा उघडा कातळ येतो. चाक क्षणात मंदावते, पण इंजिनाचे जड फिरते भाग तेवढ्या लवकर मंदावू शकत नाहीत. पहिल्या गिअरमध्ये या भागांचे जडत्व चाकाच्या बाजूने पाहिले असता गिअरच्या पटीच्या वर्गाने, म्हणजे १५ गुणिले १५, २२५ पट मोठे भासते, आणि या सगळ्या जडत्वाचा झटका दोहोंच्या मधल्या एकमेव दुव्याला, म्हणजे शाफ्टला, सोसावा लागतो. अशा झटक्यात क्षणभर उद्भवणारा पीळ टायरच्या पकडीतून काढलेल्या स्थिर आकड्याच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. चालकाने चाक घसरू लागताच पाय उचलला, तर बाजारातील कोणत्याही महागड्या शाफ्टपेक्षा शाफ्टचे अधिक रक्षण होते, हे येथे स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे.

जाडी, पोकळी आणि पोलाद

शाफ्ट पिळला जातो तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर ताण सर्वाधिक असतो आणि मध्याकडे जाताना तो कमी होत होत अक्षावर शून्य होतो. जात्याचा खुंटा मध्याजवळ न बसवता काठाजवळ बसवतात, कारण अक्षापासून जेवढे दूर तेवढे तेच बळ अधिक कामी येते. शाफ्टमधील धातूचेही तसेच आहे, अक्षाजवळचा धातू पीळ रोखण्याच्या कामात जवळजवळ निरुपयोगी असतो आणि बाहेरचा थर खरा भार पेलतो. त्यामुळे भरीव शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाने वाढते: व्यास १० टक्क्यांनी वाढवला तर ताकद ३३ टक्क्यांनी वाढते. उलट निम्म्या व्यासाचे भोक आरपार पाडले, तर वजन २५ टक्क्यांनी घटते, पण ताकद केवळ सहा टक्क्यांच्या आसपास कमी होते. प्रोपेलर शाफ्ट नेहमी नळीसारखे का असतात, हे या दोन आकड्यांवरून कळते.

व्यास वाढवायला गाडीत जागा नसते, म्हणून आखूड शाफ्टच्या बाबतीत सुधारणा पोलादात शोधावी लागते, आणि येथे खरेदीदाराची मोठी दिशाभूल होण्याचा संभव असतो. भोसरी किंवा पिरंगुटच्या औद्योगिक भागात निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनम असलेल्या ईएन २४ जातीच्या पोलादाचा शाफ्ट लेथवर उतरवून घेणे अवघड नाही. ईएन २४ हे मूळ शाफ्टच्या मध्यम कार्बनयुक्त पोलादापेक्षा वरच्या दर्जाचे मानले जाते, हेही खरे आहे. पण बाजारात ते बहुधा ज्या अवस्थेत मिळते, त्या ‘टी’ अवस्थेत त्याचे ताणबळ ८५० ते १,००० मेगापास्कल असते, तर कारखान्यातून आलेल्या मूळ शाफ्टचा बाहेरचा थर विद्युतप्रवर्तनाने तापवून आणि झटकन थंड करून, म्हणजे इंडक्शन हार्डनिंगने, रॉकवेल मापनावर ५५ च्या आसपास कठीण केलेला असू शकतो, आणि एवढ्या कठीण थराचे बळ त्याच्या जवळपास दुप्पट भरते. ज्या थरावर ताण सर्वाधिक असतो नेमका तोच थर कठीण, आणि गाभा मात्र चिवट, अशी ही विचारपूर्वक केलेली रचना असते. बाहेरचा थर असा कठीण न केलेला ‘मजबूत’ पोलादाचा शाफ्ट मूळ शाफ्टपेक्षा कमजोर ठरू शकतो. पोलादाचे नाव विचारावे, पण त्याहून आधी उष्णतासंस्कार कोणता केला आणि कठीण थराची खोली किती, हे विचारावे.

शाफ्टच्या टोकाला कापलेले दाते, ज्यांना स्प्लाइन म्हणतात, हा दुसरा नाजूक भाग होय. प्रत्येक दात्याच्या मुळाशी ताण एकवटतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. दाते धातू कापून न काढता दाबून घडवलेले असतील, तर मुळाशी धातू घट्ट दाबला जातो आणि तडा जाण्याची शक्यता कमी होते. चांगल्या शाफ्टमध्ये मधली दांडी दात्यांच्या मुळाएवढी किंवा किंचित बारीक ठेवलेली असते, कारण तशी ती ठेवली की धक्का बसताना पीळ दात्यांच्या मुळाशी न साचता सबंध लांबीवर वाटला जातो. मध्येच जाड दिसणारा शाफ्ट अधिक भक्कम वाटतो, पण तो धक्का टोकांकडे ढकलतो.

चौकट: तुटलेला शाफ्ट काय सांगतो

नवा शाफ्ट मागवण्याआधी जुन्याचे तुटलेले तोंड पुसून पाहावे. एका बिंदूपासून निघालेल्या, एकाभोवती एक अशा कमानदार रेषा दिसल्या, तर तडा दीर्घकाळ हळूहळू वाढत होता, म्हणजे धातू थकला होता. अशा वेळी तो बिंदू कोठे आहे, तेथे ओरखडा आहे की गंज, हे पाहावे, कारण तेच कारण नव्या शाफ्टलाही खाईल. अशा रेषा नसतील आणि दाते पिळल्यासारखे वाकडे झाले असतील, तर एकाच झटक्यात मर्यादा ओलांडली गेली. पहिल्या प्रकारात मूळ प्रतीचाच नवा शाफ्ट पुरतो. अधिक मजबूत शाफ्टचा विचार दुसऱ्या प्रकारात करावा.

लांब शाफ्टचा वेगळा शत्रू

मागच्या चाकांच्या मोटारीतील प्रोपेलर शाफ्टला पिळाइतकीच गतीची भीती असते. कोणतीही लांब नळी फिरताना मध्ये किंचित वाकते, आणि फिरण्याची गती तिच्या नैसर्गिक कंपनसंख्येशी जुळली की हे वाकणे अनावर वाढते. या गतीला क्रांतिक वेग म्हणतात. दीड मीटर लांब आणि ७५ मिलिमीटर व्यासाच्या पातळ पोलादी नळीचा क्रांतिक वेग मिनिटाला सुमारे ५,५०० फेऱ्या भरतो. लांबी निम्मी केली तर तो चौपट होतो, म्हणून कारखाने मध्ये बेअरिंग देऊन शाफ्टचे दोन तुकडे करतात. हौशी मालक मात्र वजन आणि सांधे कमी करण्यासाठी दोन तुकड्यांऐवजी ॲल्युमिनियमचा एकसंध शाफ्ट बसवू पाहतात. येथे समजून घेण्याजोगी बाब अशी की क्रांतिक वेग धातूच्या ताठपणाचे घनतेशी जे गुणोत्तर असते त्यावर ठरतो, आणि पोलाद व ॲल्युमिनियम यांचे हे गुणोत्तर जवळजवळ सारखे आहे. म्हणजे तेवढ्याच मापाच्या ॲल्युमिनियमच्या शाफ्टला गतीच्या बाबतीत काहीही लाभ नाही. तो लाभ मिळतो हलकेपणामुळे व्यास वाढवणे परवडते म्हणून. कार्बन तंतूंच्या शाफ्टचे गुणोत्तर मात्र खरोखर निराळे असून, तंतूंच्या मांडणीनुसार त्याचा क्रांतिक वेग दीडपटीहून अधिक होऊ शकतो.

पण हा लाभ कोणाला हवा? दोन मीटर घेर असलेली चाके आणि गती साडेतीन पट कमी करणारे डिफरन्शियल धरले, तर ताशी १०० किमी वेगाला प्रोपेलर शाफ्ट मिनिटाला सुमारे २,९०० फेऱ्या घेतो. ५,००० चा आकडा ओलांडायला ताशी १७० किमीच्या पुढे जावे लागते, आणि तसा वेग मध्य प्रदेशातील पीथमपूरजवळच्या नॅट्रॅक्सच्या ११.३ किमी लांबीच्या चाचणीमार्गासारख्या बंदिस्त ठिकाणीच योग्य आहे. ताम्हिणीच्या वळणांवर त्याचा विचारही करू नये. हलक्या शाफ्टमुळे गाडी चपळ होते, हा समजही हिशेबात टिकत नाही. शाफ्टचे वजन दहा किलोवरून पाचवर आणले, तरी त्याचा धातू अक्षाच्या अगदी जवळ फिरत असल्याने फिरते जडत्व फारच थोडे घटते, आणि सगळा लाभ गाडीचे वजन पाच-सहा किलोने कमी केल्याएवढा होतो. बीएमडब्ल्यूने एम३ आणि एम४ या मोटारींत २०१४ पासून कार्बनचा शाफ्ट दिला होता, पण धूर गाळणाऱ्या नव्या यंत्रणेसाठी जागा हवी म्हणून २०१७ च्या अखेरीस तिने पुन्हा पोलादी शाफ्ट स्वीकारला.

तोल हा यातील दुर्लक्षित मुद्दा आहे. अक्षापासून ४० मिलिमीटरवर केवळ १० ग्रॅम वजन जास्त असेल, तर ५,००० फेऱ्यांना ते सुमारे ११ किलो वजनाएवढ्या बळाने शाफ्टला बाहेर खेचते, आणि गती निम्मी झाली तर हे बळ चौथाईवर येते. म्हणून सांधे बसवून झाल्यावर सबंध शाफ्टचा तोल यंत्रावर तपासल्याचा दाखला नसेल, तर तो शाफ्ट घेऊ नये.

सांधे, कोन आणि मुळशीचा पाऊस

दोन शाफ्ट कोनात जोडण्यासाठी गॅरेजमध्ये ‘क्रॉस’ या नावाने ओळखला जाणारा सांधा सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने अभ्यासला, आणि १९०३ साली क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकी अभियंत्याने मोटारींसाठी त्याचे पेटंट मिळवून साखळीने चालणाऱ्या मोटारींचा काळ मागे टाकण्यास मोठा हातभार लावला. या सांध्यात एक जन्मजात दोष आहे: आत येणारी गती एकसारखी असली तरी बाहेर पडणारी गती प्रत्येक फेरीत दोनदा कमी-जास्त होते. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दीड टक्क्याचा असतो, २० अंशांना तो सहा टक्क्यांवर जातो. गाडीची उंची वाढवली की हा कोन वाढतो, आणि थरथर सुरू होते ती बहुधा यामुळे. त्यावर जाड शाफ्ट हा उपाय नव्हे.

पुढच्या चाकांना वळावेही लागत असल्याने तेथे हा दोष परवडत नाही. म्हणून तेथे आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्याने १९२० च्या दशकात रचलेला, सहा गोळ्या खाचांतून सरकवत दोन्ही बाजूंची गती समान राखणारा सांधा वापरतात. त्याला सीव्ही जॉइंट म्हणतात. या गोळ्या आणि खाचा जाड ग्रीसमध्ये बुडालेल्या असतात आणि त्यांच्यावर रबराचे चुणीदार आवरण असते, ज्याला बूट म्हणतात. ताम्हिणी हे महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक असून, घाटातील वळणांवर चाक जसजसे अधिक वळते तसतसा बूट अधिक ताणला जातो. त्याला एक चीर पडली की फिरण्याच्या जोराने ग्रीस बाहेर फेकले जाते, चिखल आणि बारीक वाळू आत शिरते, आणि काही आठवड्यांत वळताना टकटक असा आवाज येऊ लागतो. या मार्गावर वावरणाऱ्या मोटारींचे सांधे पिळाने मोडण्याआधी चिखलाने झिजतात. म्हणून वाढीव शाफ्टसंचात दांडीच्या पोलादाइतकेच महत्त्व बुटाच्या रबराला आणि तो आवळणाऱ्या पट्टीला द्यावे. गाडी खाली बसवून घेतली असेल, तर सांधा कायम कोनात काम करतो आणि लवकर झिजतो, हेही ध्यानात ठेवावे.

निवड करताना

शाफ्ट मजबूत केला की तुटण्याची जागा नाहीशी होत नाही, पुढे सरकते. पोलो जीटी टीएसआयमधील सात गिअरच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे कोरडे क्लच २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या पिळासाठी आखलेले आहेत. इंजिनाचा पीळ त्याच्या जवळ नेऊन शाफ्ट दुप्पट मजबूत केला, तर पुढच्या झटक्याचा भार क्लच आणि डिफरन्शियलच्या दातांवर येईल, आणि ते भाग शाफ्टपेक्षा कितीतरी महाग आहेत. गाडीतील सर्वांत कमजोर दुवा सर्वांत स्वस्तही असावा, हे तत्त्व सोडू नये. एकाच बाजूचा शाफ्ट बदलणेही चुकीचे आहे, कारण डाव्या-उजव्या शाफ्टची पिळाखाली वळण्याची प्रवृत्ती कारखान्याने जुळवलेली असते, आणि ती बिघडली की जोरात निघताना सुकाणू एका बाजूला ओढू लागते.

कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. शाफ्टचा तपशील त्या प्रमाणपत्रात नसतो, तरी वाढीव शक्तीची माहिती विमा कंपनीला न देणे अपघातानंतरच्या दाव्याला बाधक ठरू शकते.

मुळशीच्या रस्त्यांवर, मूळ टायर ठेवून, पीळ तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत वाढवलेल्या पुढच्या चाकांच्या मोटारीला वेगळ्या शाफ्टची सहसा गरज नाही. तिला मूळ प्रतीचे शाफ्ट, शाबूत बूट आणि संयमी पाय पुरतात. शर्यतीचे चिकट टायर लावून बंदिस्त मार्गावर उभ्या जागेवरून वारंवार सुटणाऱ्या मोटारीला मात्र दाबून घडवलेल्या दात्यांचे, उष्णतासंस्कारित शाफ्ट जोडीनेच बसवावेत. दोन्ही प्रकारच्या मालकांनी पावसाळा संपताच गाडी लिफ्टवर चढवून चारही बूट हाताने दाबून पाहावेत आणि चीर दिसली तर सांधा वाजू लागण्याची वाट न पाहता तो बूट बदलून घ्यावा.